घमेलंभर पाणी

दोन हजार तेवीस साल, आणि मी शहात्तर वर्षांचा. त्या उन्हाळ्यात मी जितका चिडलो तितका उभ्या आयुष्यात चिडलो नसेन, आणि मी मुळात काही थंड डोक्याचा माणूस नव्हे, आमच्या होळी गावात कुणालाही विचारा. यंदा पुन्हा चैत्र तापलाय. वाडीत जामाच्या झाडाखाली फळांचा सडा पडतोय. दुपारी केळीची पानं ऊन चुकवायला मधोमध दुमडून घेतात. आणि तो राग जसाच्या तसा वर येतो. मध्ये दोन पावसाळे गेले तरी निवला नाही. म्हणून लिहायला बसलो. शाळा माझी तिसरीतच सुटली. मुलगा म्हणाला, बाबा, तुम्ही सांगा, मी टाइप करतो. म्हटलं, नको. तुझ्या हातून गेला तर राग गाळून निघेल.

त्या वर्षी माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता. मुलगा प्रशांत आणि सून अमृता नायगावला टॉवरमध्ये राहतात. इतक्या उंचावर, की खिडकीतून खाडी दिसते पण तिचा वास येत नाही. डोळ्यात औषधाचे थेंब वेळच्या वेळी पडावेत म्हणून मला तिकडे नेऊन ठेवलं. डॉक्टरनी बजावलं होतं, डोक्यावरून आंघोळ करायची नाही, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. मी हो म्हणालो. हो म्हणायला काय जातं.

नात सई तेव्हा दोन वर्षांची होत होती. मी पहिल्याच दिवशी बेसिनपाशी हात धुवायला उभा राहिलो, साबण लावला, आणि मागून पावलं धावत आली. माझ्या लेंग्याला धरून पोरगी ओरडायला लागली, "बंद! आबा, बंद! बंद!"

मला वाटलं काही चावलं हिला. तर ती नळाकडे बोट करत होती. मी नळ बंद केला तशी गप्प झाली. आतून अमृता कौतुकानं म्हणाली, "बघितलंत बाबा, किती शहाणी आहे! पाणी वाया गेलेलं तिला अजिबात चालत नाही."

मी मगभर पाणी घेतलं आणि तिच्यापुढं धरलं. म्हटलं, घाल हात. तिनं बोट लावलं, झटकन मागे घेतलं आणि फ्रॉकला पुसलं. पुन्हा पुसलं. मग ओठ काढून रडायला लागली. जसा काही मी तिच्या हातावर निखारा ठेवला होता.

तिचीही चूक नाही आणि आईचीही नाही. त्या टॉवरला सकाळी थोडा वेळ आणि संध्याकाळी थोडा वेळ पाणी. बाकी सगळं टँकरवर. पोरीला आंघोळ म्हणजे ओल्या कापडानं पुसणं. पाणी म्हणजे बाटलीत असतं, नळीनं चोखायचं असतं आणि वाहताना दिसलं की ओरडायचं असतं. मी तिच्या बापाला म्हणालो, "प्रशांत, जगात आल्यावर तुझी लेक पहिली गोष्ट कुठली शिकली ठाऊक आहे? पाणी बंद करायचं!" तो लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला, "बाबा, चांगलीच सवय आहे ती."

चांगली सवय. चुलीत गेली सवय.

आमच्या लहानपणी होळीत आमच्या आळीला मिळून एक विहीर होती. पाण्याची पाळी असायची. आज ह्याची केळी, उद्या त्याचा पानवेल. विहिरीवरून पाणी डोणीत, म्हणजे दगडी कुंडीत, पडायचं आणि तिथून मातीच्या पाटानं वाफ्यांकडे निघायचं. कोरड्या पाटात पाणी शिरताना पाहिलंय कुणी? पुढं पुढं फेस असतो, त्यात वाळकी पानं, मुंग्या, चाफ्याची सुकलेली पाकळी, आणि ते आपलं वास घेत घेत चालल्यासारखं येतं. आम्ही पोरं त्याच्या पुढं उलट्या पावलांनी सरकायचो. आलं, आलं, आलं! ते पायाच्या बोटांना लागलं की जी किंकाळी फुटायची ती पार गिरणीपर्यंत जायची.

आणि तान्ह्या पोरांची सोय वेगळी. ज्याची पाळी असेल त्याचं पाणी सुटलं की आळीतली एखादी बाई आपलं पोर घेऊन पाटाच्या काठी बसायची आणि दोन्ही पाय पाटात आडवे टाकायची. पायांचा बांध. पाणी तिच्या पोटऱ्यांना अडायचं, वर चढायचं, मांडीएवढं डबकं व्हायचं आणि त्या डबक्यात पोर बसवलेलं. पुढं आईचे पाय, बाजूला आईचे हात. वाहून जायला जागाच नाही. माझी आई माझ्या धाकट्या भावाला घेऊन अशी तासन्‌तास बसायची. पलीकडून पाळीवाला बोंब मारायचा, "अगे, पाय काढ! माझी केळी तहानली!"

आई पाय हलवायची नाही. म्हणायची, "तुझी केळी उद्या पन पानी पितील. माझं पोर उद्या मोठं झालं असंल!"

पाळीवाला शिव्या घालायचा. पण त्याचीही बायको परवा आमच्या पाळीला तशीच बसलेली असायची, त्यामुळे शिव्या लांब जायच्या नाहीत. आणि आईनं पाय उचलले की साठलेलं पाणी एकदम सुटून केळीकडे पळायचं. एक थेंब वाया गेला नाही कधी. पोर खेळलं त्या पाण्यावर केळीचे लोंगर पोसले. हे मी त्या टॉवरमधल्या शिकल्यासवरल्या लोकांना सांगायचा प्रयत्न केला, पण त्याचं पुढं सांगतो.

खालच्या मजल्यावर एक पाळणाघर होतं, मी येण्याआधी सई दिवसभर तिथंच असायची. एक दिवस तिथं पाण्याचा दिवस साजरा झाला. सईला निळा फ्रॉक घालून पाठवायचं होतं. मी आणायला गेलो तर भिंतीवर निळ्या कागदाच्या लाटा, त्यावर चांदीच्या कागदाचे मासे, पोरांच्या डोक्याला थेंबाच्या आकाराच्या टोप्या. पाणी नाही! अख्ख्या खोलीत एक पेलाभर पाणी नाही. मी बाईंना विचारलं, पाणी कुठंय? त्या हसून म्हणाल्या, "काका, मुलं ओली होतात ना मग." मी तिथंच काहीतरी बोललो असतो, पण सईच्या हातात माझं बोट होतं आणि ती टोपी खाली ओढून ओढून रडत होती.

दुसऱ्या दिवसापासून मी माझी आंघोळ तिला दिली.

घरात प्रत्येकाला एक बादली ठरलेली होती. अमृता आणि प्रशांत कामाला गेले की मी ओल्या पंच्यानं अंग पुसून घ्यायचो आणि माझी बादली लिफ्टनं खाली न्यायचो. टॉवरला मधल्या मजल्याच्या गच्चीवर बाग केलेली आहे. बाग म्हणजे शोभेची ताडझाडं, रबराची जमीन, आणि एक संगमरवरी कारंजं, जे चाललेलं कुणी पाहिलं नाही. त्या कारंज्याच्या सावलीला मी घमेलं मांडलं. घमेलं खाली काम करणाऱ्या गवंड्याकडून मागून आणलं होतं. बादली ओतली. सईला जवळ बसवलं आणि तिला काहीही सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी तिनं घमेल्याच्या भोवती फेऱ्या मारल्या आणि नळ शोधला. बंद करायला. पुढच्या दिवशी उकिडवी बसून नुसती बघत राहिली. पाण्यात आकाश दिसत होतं, ताडाचं एक पान हलत होतं, आणि तिचं स्वतःचं तोंड. तिनं तोंडाला हात लावायला हात पुढं केला. तोंड मोडलं. हात मागे घेतला, तोंड परत आलं. मग पुन्हा. मी दुसरीकडे बघितल्यासारखं केलं, पण एका डोळ्यानं बघत होतो, आणि दुसऱ्यावर तशीही डॉक्टरची पट्टी होती.

त्यानंतर मला काही करावं लागलं नाही. मी नुसता शेजारी बसून असायचो, हात पोचेल इतक्या अंतरावर. घमेल्यात पाणी वीतभरसुद्धा नसतं, तरी लहान पोर पाण्यापाशी असलं की उठायचं नाही, फोन आला तर वाजू द्यायचा. हे मला कुणी शिकवलं नाही, आईचे पाय बघितलेत मी.

मी तिला नारळाच्या करवंट्या दिल्या, एक भोकाची, एक धड. भोकाचीतून धार का पडते हे तिला दिवसभर पुरलं. खडा टाकला की तळाला जातो, बदामाचं पान टाकलं की वर राहतं. "गेला!" "नाही गेला!" हे तिचे शब्द. त्याआधी ती आबा, बंद आणि दे एवढंच बोलायची. भरलेली करवंटी घेऊन न सांडता ताडापर्यंत जायचं तिनं स्वतःच काढलं. पाऊल कसं टाकायची! जीभ बाहेर, दोन्ही हात पुढं, डोळे करवंटीत. आधी ती रबराच्या सपाट जमिनीवर धडपडायची, आता पाणी घेऊन चालायला लागल्यावर पडेना. दुपारी वर नेली की मोबाइल न मागता भात खायची, स्वतःच्या हातानं, आणि वाटी हातात धरून झोपून जायची. अमृता संध्याकाळी विचारायची, "आज पुन्हा शांत झोपली? तुम्ही करता तरी काय?" मी म्हणायचो, गोष्टी सांगतो.

मग बाकीची पोरं आली. ज्या बायका पोरं सांभाळायला ठेवलेल्या असतात त्या घेऊन आल्या. एक गुजराती पोरगं होतं, किट्टू, ते सगळ्यांना चावायचं. घमेल्यापाशी आल्यावर त्याला पाण्यावर थापडा मारायला मिळाल्या. एवढ्या मारल्या, एवढ्या मारल्या, की चावायला जोर उरला नाही. त्याला सांभाळणारी बाई मला म्हणाली, "भाऊ, रोज लावा हो हे. माझे दंड बघा." दंडावर दातांच्या खुणा. मीच काय, तीही खूश.

खेळून झालं की मी घमेलं उचलून कुंड्यांना घालायचो. तिथल्या जास्वंदीला पहिल्यांदा कळ्या धरल्या.

मग एक दिवस टँकर आला तेव्हा मी फाटकात होतो. ड्रायव्हर खाली उतरला आणि मला बघून हसला. आमच्याच गावचा पोरगा. "भाऊ, तुम्ही इकडे कुठं? घ्या, पानी तुमच्याच आळीचं हाय. तुमच्या चुलतभावाच्या विहिरीवरनं भरतो आम्ही."

मी टँकरच्या पत्र्याला हात लावला. बाहेर ऊन पेटलेलं आणि पत्रा आतून गार होता, घाम आल्यासारखा. हेच पाणी. होळीत माझ्या आईच्या पोटऱ्यांना अडलेलं पाणी आता धूर सोडत नायगावला येतं, टाकीत कोंडलं जातं, आणि वर माझी नात त्याला बघून ओरडते, बंद. चुलतभावाला तिथूनच फोन लावला. म्हटलं, "अरे, विकून विकून काय विकतोस?" तो म्हणाला, "मी नाही विकलं तर शेजारचा विकंल. आन तुझ्या पोराला अंघोळीला पानी कुठून येनार, सांग?" मी फोन आपटला.

त्याच आठवड्यात लिफ्टमध्ये कागद लागला. बागेत पाण्याचे खेळ खेळू नयेत, रविवारी सभा. तोवर अमृता आणि प्रशांतला काही ठाऊकच नव्हतं. कागद वाचून प्रशांत माझ्याकडे वळला. "बाबा, हे तुम्ही?" म्हटलं, "हो, मी. आणि सभेलाही येणार."

सभेत सेक्रेटरी बोलले. मुलं घसरतील, डास होतील, टँकर महाग झालाय. मी उभा राहिलो. म्हटलं, "तुमच्या पोरांचे हात बघा. दोन दोन, अडीच अडीच वर्षांची पोरं, आणि हाताला दुसरं काही लागलेलं नाही, फक्त मोबाइलची काच. पाण्यात खेळली की हाताला जोर येतो, पावलाला तोल येतो, जीव निवतो. मग जेवतात, झोपतात. डास होत नाहीत, रोजचं पाणी रोज झाडांना जातं. बघायला या एकदा. आणि पाणी म्हणाल तर ते माझ्याच गावचं आहे."

"मग काका, टँकरवाल्याला सांगून रेट कमी करा ना थोडा," सेक्रेटरी म्हणाले. सगळे हसले.

मग चौदाव्या मजल्यावरच्या एक बाई उठल्या. त्यांची सासू अंथरुणावर. त्या हसल्या नव्हत्या. म्हणाल्या, "काका, तुमचं सगळं बरोबर असेल. पण संध्याकाळी नळ कोरडा पडतो तेव्हा त्यांचं करताना मला रडू येतं. आणि खाली मुलं पाणी उडवतायत असं ऐकलं की डोकं फिरतं."

त्या बाईवर मी कसा चिडणार? त्यांच्याकडे बघून मी खरं ते सांगितलं. म्हटलं, "बाई, तुमच्या वाटणीचं नव्हतं हो ते. माझ्या आंघोळीची बादली होती. मी अंग पुसून घेतो रोज."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे आजोबा महिनाभर पारोसेच?" आणि जो हशा फुटला! खुर्च्या हलल्या. सेक्रेटरींनी हसतच विचारलं, "चला, बंदी घालायची त्यांनी हात वर करा."

हात वर गेले. आणि माझ्या शेजारच्या खुर्चीतूनही एक हात वर गेला. प्रशांतचा. मान खाली, कान लाल, आणि हात वर. आमच्या वाडीतल्या तळ्यात, बावखल म्हणतो आम्ही त्याला, पोहायला शिकताना काठच्या दगडावर आपटून त्याच्या मनगटाला खोक पडली होती. ती खूण माझ्या डोळ्यासमोर होती, नव्या भिंगातून अगदी स्वच्छ दिसत होती.

घरी आल्यावर मी बोललो. काय काय बोललो ते लिहीत नाही. सई दचकून आईच्या खांद्यात शिरली. प्रशांत म्हणाला, "बाबा, आम्हाला इथंच राहायचंय. तुम्ही चार दिवसांनी जाल. रोज त्या लिफ्टमधून मला जायचंय." म्हटलं, "जा. हात वर करूनच जा." तो खोलीत निघून गेला.

अमृता साताऱ्याकडची. मोजकं बोलते. तिनं सईला थोपटत थोपटत आधी विचारलं, "खरंच आंघोळ करत नव्हता? मला सांगितलं असतं तर माझ्यातलं अर्धं दिलं असतं." माझा आवाज थोडा खाली आला. म्हटलं, "पोरीला माझ्याबरोबर पाठव. होळीला. पाटात बसवतो. तुम्हाला इथं काय बंद करायचं ते करा."

ती म्हणाली, "कुठल्या पाटात, बाबा?"

सईला दुसऱ्या खांद्यावर घेत ती पुढं म्हणाली,

"गेल्या दिवाळीत मी आले होते ना वाडीत. पाट कुठंय? सगळ्या काळ्या नळ्या आहेत. ठिबक. प्रत्येक केळीला मोजून थेंब. इथं निदान अडवायला बादली तरी होती, तुमच्या वाडीत तर ओंजळ भरायला पाणी दिसत नाही. मी पोरीला मुद्दाम तिकडे नेऊन नळ्या दाखवू का?"

बोलली ते खोटं नव्हतं. विहिरीचं पाणी टँकरांमुळे खाली गेलं तेव्हा प्रशांतनं ती नळ्यांची सोय करून दिली होती, आणि केळी त्यावरच जगली. पण पाट बुजले ते बुजलेच. खोटं बोलणाऱ्याशी भांडता येतं. खरं बोलणाऱ्या सुनेपुढं सासऱ्यानं करायचं काय? मी ताटावर बसलो नाही. पिशवी भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याच्या आधी मी टॉवरचं फाटक ओलांडलं. रिक्षानं होळीला आलो, घराचं कुलूपसुद्धा काढलं नाही, पडवीतला कोयता घेतला आणि केळीच्या पहिल्या ओळीची नळी मुळापाशी तोडली. मग फावडं घेतलं. वाकायचं नव्हतं, वाकलो. डोणीपासून आंब्याच्या सावलीपर्यंत आणि तिथून त्या ओळीच्या बुडाशी पाट ओढला, वेडावाकडा, पण बाजू हातानं थापून थापून पक्क्या केल्या. मध्ये दोनदा बसावं लागलं. चुलतभाऊ कुंपणावरून बघत होता. म्हणाला, "भाऊ, डोळा नवा हाय, डोकं जुनंच राहिलं." मी विहिरीवरची मोटार सुरू केली. पाणी डोणीत धडधडलं, पाटात उतरलं, कोरड्या मातीत हिसहिसत, पानं आणि मुंग्या पुढं घालून आंब्याखाली आलं.

मातीच्या हातानंच अमृताला फोन लावला. म्हटलं, "पाट वाहतोय. पोरीला घेऊन ये."

पलीकडे सईचा आवाज येत होता. मग अमृतानं विचारलं, "तिचा टॉवेल आणू, का तिकडे आहे?"

"ऊन आहे," मी म्हणालो, आणि फोन ठेवला.